गावाआधी माझ्या डोक्यात आलेली वीज

देवाची कृपा झालेल्या माणसांच्या हकिकती मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतली माणसं संकटातही हात जोडून उभी असतात. मला ते कधी जमलं नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी घरच्यांवर चिडले, औषध देणाऱ्यांवर चिडले आणि शेवटी देवावरही चिडले. तरीही जे मिळायचं ते मला मिळालं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझं सासर ताडकळसपासून थोडं आत, काळ्या रानातलं लहानसं गाव. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमची तान्ही सुमन. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो. दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीला आला होता. सकाळी अंगण सारवायला मी खाली वाकले आणि मानेच्या खळगीतून निघून थेट डोक्याच्या आतून काहीतरी कडाडत गेलं. डोळ्यांपुढे पांढरंफेक झालं. दुखलं म्हणावं तर ते दुखणंही नव्हे, कारण ते आलं तसं गेलं. शेणानं भरलेला हात अधांतरी धरून मी तशीच बसून राहिले. मग धीर करून पुन्हा वाकले, आणि पुन्हा तेच.

या गोष्टीचं नाव मला ठाऊक होतं. परभणीला माझ्या भावाच्या घरी नुकतीच वीज आली होती. माहेरपणाला गेले असताना मी ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबलं होतं आणि खांद्यापर्यंत झटका बसला होता. हे अगदी तसंच होतं, फक्त डोक्यात. म्हणून मी जाऊबाईंना सांगितलं, "माझ्या डोक्यात करंट बसला." तो शब्द मी उच्चारायला नको होता. आमच्या गावात विजेचा दिवा कुणी पाहिला असेल तर परभणीच्या बाजारात, तोही लांबून. दिवस मावळायच्या आत ही बातमी विहिरीवर पोचली. एकजण म्हणाली, "सरकारची वीज गावात यायची हाय अजून, अन् हिच्या डोक्यात आधीच आली की माय!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं. पुढे पुढे येईना.

बाईच्या जन्मात किती वाकावं लागतं हे मला तेव्हा कळलं. झाडायचं वाकून, सारवायचं वाकून, भाकरी थापायची मान खाली घालून, कापूस वेचायचा तो वाकून, आणि वडीलधारं कुणी दारात आलं की पाया पडायचं तेही वाकूनच. मान खाली गेली की डोक्यात चाबूक. मी वाकताना थबकू लागले, तर आत्याबाई म्हणायच्या, "कामाचं नाव काढलं का हिला चमकायलंय." मी वाकले नाही तर उद्धट, वाकून ओरडले तर नाटकी. वरून दिसायला काही नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. माझ्या हाताला एखादं गळू झालं असतं तर घरानं माझी केवढी विचारपूस केली असती!

मग इलाज सुरू झाले. त्यांची आठवण झाली की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. कुणी नाकात तूप सोडलं. कुणी कानात कांद्याचा रस पिळला. त्यानं डोक्यातलं थांबलं नाही, कान मात्र दुखला. ताडकळसच्या बाजारातल्या वैद्यांनी वात म्हणून सांगितलं आणि असा कडू काढा दिला की त्यापुढे झटका बरा. एका हकिमांनी दिलेल्या तेलाचा वास घरभर भरून राहिला, तेव्हा जाऊबाईंनी माझं अंथरूण पडवीत टाकलं. शेजारच्या एका काकूंनी मानेवर बिब्ब्याचा डाग दिला. त्याची खूण अजून आहे. यजमान मला परभणीच्या दवाखान्यातही घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, छाती तपासली आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. अशक्तपणा आहे, काळजी करू नका, म्हणाले. काळजी न करण्याचं औषध मात्र त्या बाटलीत नव्हतं.

आमचे हे स्वभावानं मऊ. आईपुढे बोलायचे नाहीत, माझ्यापुढेही नाही. एकदा मी वैतागून विचारलं, "तुम्हाला तरी खरं वाटतं का हो?" ते बराच वेळ बैलाच्या गळ्यातली दोरी सारखी करत राहिले आणि म्हणाले, "तू म्हणतीस म्हणजे असंल." त्या 'असंल'चा मला झटक्यापेक्षा जास्त राग आला.

मी रोज देवापुढे दिवा लावायची. आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. माझ्या वडिलांनी मला घरीच मराठी लिहा-वाचायला शिकवलं होतं आणि स्तोत्रंही पाठ करून घेतली होती. ती सगळी मी म्हणत होते. पण खरं सांगायचं तर ती प्रार्थना नव्हती, तगादा होता. काढून टाक, आज काढ, आत्ता काढ. आणि नमस्काराला वाकले की त्याच्यासमोरच डोक्यात वीज. मला वाटायचं, हा माझी थट्टाच करतो आहे.

एके दिवशी दुपारी मी सुमनला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, पुसली आणि उचलून उठले. तिचा टॉवेल खाली पडला म्हणून पाहायला मान वाकवली. इतका जोराचा झटका आला की माझे हात सुटले. कोपऱ्यात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग होता, त्यावर ती पडली. तिला काही लागलं नाही, ती दचकून रडली एवढंच. पण आत्याबाईंनी ते दारातून पाहिलं. त्यांनी धावत येऊन लेकरू उचललं आणि म्हणाल्या, "आजपासून हिला हात लावायचा न्हाई. ही माझी सून न्हाई, हिच्यात दुसरंच कोन तरी हाय."

त्या दिवसापासून सुमन जाऊबाईंकडे. पाजायला तेवढी माझ्याकडे यायची, तीही मी भिंतीला टेकून बसले आणि आत्याबाई समोर राहिल्या तर. पोर पोटभर प्याली की लगेच उचलून न्यायच्या. ती माझ्याकडे हात करून रडायची आणि मी नुसती पाहत राहायची. गावातल्या भगतानं अंगारा लावून सांगितलं की बाईला झपाटलंय, लांबच्या एका ठिकाणी नेऊन ठेवावी लागेल, उतरेपर्यंत. तिथे बायकांना कसं ठेवतात, खांबाला कसं बांधतात, हे मी ऐकून होते. मी नाही गेले तर माहेरी धाडायचं, असंही घरात चाललं होतं. दोन्हीकडे लेकरू मला सुटणार होतं.

मग एका संध्याकाळी मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. म्हणाले, "देवाकडेच न्यायचं असेल तर आपल्या देवाकडे न्या. पोखर्णीला न्या. तिथे काही झालं नाही तर तुम्ही म्हणाल तिथे येते." आत्याबाईंना कुलदैवताला नाही म्हणता येईना. आमचे हेही चटकन म्हणाले, "मी गाडी जुंपतो."

परभणीपर्यंतचा तो बैलगाडीचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक चाकोरीला गाडी आदळे आणि प्रत्येक आदळण्याला डोक्यात कडाका. मी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून, दात आवळून बसले होते. समोर आत्याबाईंच्या मांडीवर सुमन झोपलेली. वाटेत बाभळीखाली भाकरी खाताना त्या मला म्हणाल्या, "देवाला नीट माफी माग." मी विचारलं, "कशाची?" त्यांनी सुमनवरचा पदर सारखा केला. भावाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेल्वेनं पोखर्णीला उतरलो. देवाला काय काय सुनवायचं ते मी मनात घोकत चालले होते. एवढं केलं, अजून काय करू? माझं लेकरू घेतलंस, आता माझी अक्कलही घे म्हणजे झालं.

पोखर्णीचा गाभारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथलं दार माहीत आहे. ते इतकं ठेंगणं आहे की थोर असो की लहान, प्रत्येकाला पार खाली वाकून, अंग चोरूनच आत शिरावं लागतं. लग्नानंतर देवदर्शनाला आले होते तेव्हा मी हसत हसत सरपटत आत गेले होते. या खेपेला त्या दारासमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला आत जाताच येणार नाही. ज्या एका गोष्टीनं माझा जीव जात होता, नेमकी तीच या देवाच्या दारात जकात म्हणून मागितली जात होती. मागे रांग होती. आत्याबाई म्हणाल्या, "वाक की." मी वाकले.

तो झटका आजवरचा सगळ्यांत मोठा होता. मी किंचाळून खाली बसले, केस सुटले, अंग थरथरू लागलं. आणि मग जे झालं ते आठवून आज हसू येतं. तेव्हा मात्र मला रडावं की मारावं कळेना. कुणीतरी ओरडलं, "बाईच्या अंगात आलं!" झालं. बायका भोवती जमल्या. एकीनं माझ्या कपाळावर हळद-कुंकवाचा मळवट भरला, एकीनं मांडीवर नारळ ठेवला. एक गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि विचारू लागले, "माय, आमचा खिलारी बैल हरवलाय. कोनत्या दिशेला गेला, सांगा." मी म्हणाले, "मला काय माहीत!" तर ते मागच्यांना म्हणाले, "देव रागावलाय." काल मला भूत लागलं म्हणणाऱ्या आत्याबाई लगबगीनं पदर सावरून माझ्या पाया पडायला निघाल्या. मी इतकी थकले होते की मला काहीच नको झालं. देवाला सुनवायचं होतं तेही आठवेना. मनात एवढंच आलं, आता माझ्यानं होत नाही. तुला काय करायचं ते कर.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी लोकांना कोपरानं ढकलत पुढे आलं. एक म्हातारी. काळी, वाळकी, मिशरीनं दात काळे झालेले. गळ्याभोवती जुन्या लुगड्याची जाड गुंडाळी होती, थंडीत बांधावी तशी. ती आल्या आल्या सगळ्यांवर डाफरली, "सरका गं! अंगात-बिंगात काय न्हाई आलं हिच्या. वारं लागू द्या तिला." माझ्यासमोर ती बसली आणि मला विचारलं, "मान वाकली का चमकतं न्हवं?"

मी मान हलवायला घाबरले, नुसतं हूं म्हणाले.

मग तिनं आपलं खरखरीत बोट माझ्या मानेच्या खळगीवर ठेवलं. "हितून निगतं," ती म्हणाली. बोट उजव्या कानामागून वर गेलं, टाळूवरून पुढे आलं आणि उजव्या भुवईवर थांबलं. "अन् हितं येऊन इझतं. व्हय का न्हाई?"

त्या भुवईचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वैद्यांना नाही, डॉक्टरांना नाही, यजमानांनाही नाही. मुळात कुणी तितक्या बारकाईनं विचारलंच नव्हतं. त्या बोटाखाली माझी भुवई थरथरली आणि मी लहान पोरीसारखी हमसून रडायला लागले. तिनं मला थोपवलं नाही. म्हणाली, "रड. मला बी असंच हाय. माझा थोरला पोटात व्हता तवा आलं. आता त्याच्या पोरीचं लगीन झालं."

आत्याबाई जवळ सरकल्या होत्या. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मंग भूत न्हाई म्हनता?"

"भूत असतं तर माज्यापाशी एवढी वर्सं टिकलं असतं का? कवाच पळून गेलं असतं," म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. मग ती एकदम गंभीर झाली. "बाई, सून खोटं बोलंना तुमची. ही तकलीफ बगनाऱ्याला दिसत न्हाई, म्हनून भोगनाऱ्याला दुप्पट व्हती. माज्या सासूनं बी मला लय छळलं. तुमी तसं करू नका."

मी तिला विचारलं, मग तुमचं गेलं कसं? "गेलं कुटं? येतं कदी मदी. पन आता माजं त्याच्याशी भांडन न्हाई. तू काय करतीस, यायच्या आदीच दात खाऊन ताठ व्हतीस. जितकी ताठ व्हशील तितकं ते जोरात हानतं. आलं का सैल सोड. देवाला म्हन, आता तू धर, माज्यानं व्हईना." हे माझ्याच मनातले शब्द होते, नुकतेच मनात येऊन गेलेले. तिला त्याचं काही नव्हतं. ती आपल्या गळ्यातलं फडकं सोडण्यात गुंतली होती. ते तिनं माझ्या मानेभोवती गुंडाळलं, हनुवटी वर राहील असं, आणि मागे घट्ट खोचलं. "ह्यानं मान झुकत न्हाई. आता खाली बस अन् पाठमोरी सरकत जा आत. देव काय रुसत न्हाई पाठ दावल्यावर. म्या तशीच जाते."

अशी मी त्या गाभाऱ्यात गेले. जमिनीवर बसून, हातांनी रेटत, उलटी, मान ताठ, कपाळावर कुणाच्या तरी गैरसमजाचं कुंकू. आत समईचा उजेड होता. मी वळले आणि नरसिंहाकडे पाहिलं. त्याला सुनवायला आणलेलं सगळं आता आठवत होतं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. त्याच्याकडे पाहत बसले. मध्येच एकदा वीज आली. सवयीनं दात आवळले जाणार होते, पण मी ते सोडले. ती आली, भुवईपाशी विझली. मी तिथेच होते, देवही तिथेच होता. त्या क्षणी मी बरी झाले नव्हते, पण माझी भीती मात्र त्या लहानशा खोलीत कुठेतरी गळून पडली.

बाहेर आले तर म्हातारी नव्हती. तिचं फडकं परत द्यायला यजमान सगळीकडे फिरले, नारळ-फुलांच्या दुकानांत, विहिरीवर, स्टेशनाच्या वाटेवर. कुणी म्हणालं गंगाखेडकडच्या लोकांच्या गाडीत बसून गेली. कुणी म्हणालं अशी बाई पाहिलीच नाही. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

परतताना रेल्वेच्या डब्यात मी खिडकीशी बसले. आत्याबाई समोर. स्टेशन मागे पडलं. मग त्या उठल्या, सुमनला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "धर. मी हाय बाजूला." आणि खरंच माझ्याशेजारी येऊन, लेकराखाली आपला एक हात घालून बसल्या. परभणी येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. भगताकडे जायचं नाव पुन्हा निघालं नाही. झटके लगेच थांबले नाहीत. उन्हाळा लागेपर्यंत येत राहिले, मग विरळ होत गेले, आणि एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की बरेच दिवस काही आलेलं नाही. सारवण आणि झाडणं जाऊबाईंनी आपल्याकडे घेतलं. कुरकुरत घेतलं, पण घेतलं. आमच्या ह्यांनी मातीचा उंच ओटा घालून त्यावर चूल मांडून दिली, म्हणजे मला उभ्यानं भाकरी करता यावी. गावानं त्यावरही थट्टा केली. आमचे हे ते ऐकून घेत राहिले आणि ओट्याला दर वर्षी नवं पोतेरं देत राहिले. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही, खरं वाटतं का म्हणून.

आत्याबाई मात्र शेवटपर्यंत सांगत राहिल्या की साक्षात नरसिंह म्हातारीच्या रूपानं आला होता. सांगता सांगता म्हातारीच्या अंगाला तेज फुटलं, मग कस्तुरीचा वास येऊ लागला. मला ते ऐकून वैताग यायचा. वास मिशरीचा येत होता, मी जवळ होते! ती म्हातारी हाडामांसाची होती, तिला दुखणं होतं, आणि स्वतःची मान उघडी टाकून तिनं मला फडकं दिलं. परतीच्या वाटेवर तिच्या गाडीनं किती धक्के खाल्ले असतील, हे मनात आलं की माझा जीव अजून कासावीस होतो. तिला देव म्हणून मोकळं होणं ही मला सोपी पळवाट वाटते. पण त्याच दिवशी, त्याच घटकेला, माझं सगळं बळ संपलं असताना तिला त्या दारात कुणी आणलं, हे विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधायला मी जातही नाही.

माझा स्वभाव काही बदलला नाही. आजही गुडघा दुखला की मी देवाशी तक्रार करते, मोठ्यानं करते. पण पूर्वी मी त्याला काय करायचं ते सांगत असे. आता माझं गाऱ्हाणं सांगून झालं की मी गप्प बसते, त्याला बोलायला जागा ठेवते. आणि दारात कुणी बाई येऊन म्हणाली, मला काहीतरी होतंय पण कुणाला दिसत नाही, तर मी तिला औषध सांगत नाही. आधी बसवते, पाणी देते आणि विचारते, कुठून निघतं ते बोटानं दाखव.